जुन्या गाडीचा ब्रेक चिकटला? आधी कारण, मग पार्ट

समजा, घरची जुनी मारुती 800 घेऊन तुम्ही नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला निघालात. अर्ध्या वाटेत गाडी जड वाटायला लागली, एका बाजूला ओढतेय आणि थांबलात तर एका चाकातून जळका वास. लय जण म्हणतात, "ऊन आहे, तापणारच." पण ऊन चारी चाकांना सारखंच लागतंय ना? एकच चाक जास्त तापलं, म्हणजे बहुतेक तिथला ब्रेक सुटत नाहीये.

तसंच रेटत जाऊ नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 205 अंश, ओलावा शिरल्यावर 140 पर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल पार तळाला जातं. म्हणून गाडी बाजूला घ्या, गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तडकू शकते.

आता खरी गंमत. बरीच गॅरेजं थेट पॅड बदलतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच. आम्ही बग शोधताना करतो तसं करा, अर्धी शक्यता एका फटक्यात बाद करा. सपाट जागा, बाकीच्या चाकांना दगड, जॅक आणि खाली स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. पेडल चार-पाचदा जोरात दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. जाम आहे? मग ब्लीड निपल थोडी सैल करा.

ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळं झालं, तर आत दाब अडकला होता. एकाच चाकाचा त्रास असेल तर संशय रबरी होजवर. बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून फुगलेली असते. ऑइल जातं, परत येत नाही. जास्त चाकं जाम असतील तर मास्टर सिलेंडर बघा.

निपल उघडूनही चाक जाम? मग अडकलंय ते लोखंड. कॅलिपर काढा. स्लाइड पिना हाताने सरकायला हव्यात. त्या ठीक असतील आणि पिस्टन क्लॅम्पने दाबूनही आत जात नसेल, तर गंज पिस्टनवर आहे. गंज थोडा असेल तर पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस, पिस्टनला नवं सील किट. खड्डे पडले असतील तर पिस्टन किंवा कॅलिपरच बदला. आणि रबर पेट्रोल-डिझेलने धुऊ देऊ नका! मिस्त्री कितीही जुना असो. रबर फुगतं, ब्रेक पुन्हा चिकटतो.

मागच्या ड्रमचं वेगळंच. पावसात हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर उभी राहिली की लायनर ड्रमला धरतो, नाहीतर केबल गंजते. एक्सलेटर पिळू नका. गाडी हळूच पुढे-मागे हलवा, नाही सुटली तर चाक काढून ड्रमवर लाकडी हातोडीने ठोका. लांबच्या पार्किंगला हँडब्रेक सोडून गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

निपल उघडली असेल तर सगळी हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. पेडल टणक लागलं पाहिजे. मग दहा किलोमीटर फिरवा, दोन्ही बाजूंच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. दोन्हीकडची धग सारखी वाटली, तर जमलं.