भाकरी, अंबाडी आणि जेवणावरचा चहा

नांदेड जिल्ह्यात, सहस्रकुंड धबधब्याच्या अलीकडचं इस्लापूर. इकडच्या जेवणात ज्वारी मुरलेली आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह असतं. पांढऱ्या तांदळात लोह १ मिलिग्रॅमही नाही. तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते, म्हणून भाकरी खाल्लेल्या माणसाला लवकर भूक लागत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर जास्त लोह-जस्ताचं 'परभणी शक्ती' हे वाणच दिलं आहे.

अंबाडीची भाजी बघा. पाला उकडून पिळायचा, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून घोटायचा, वरून लसणाची चरचरीत फोडणी. धान्य आणि डाळ एकत्र आली की प्रथिनं परस्परांची उणीव भरून काढतात. सोबत लिंबाची फोड घ्या. त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं.

घास संपताच घेतलेला चहा मात्र हेच लोह अडवतो. दिवसभर गळून गेल्यासारखं वाटणं, जिना चढताना धाप लागणं, यामागे कित्येकदा लोहाची कमतरता असते, आणि बायका ते अंगावर काढतात. तसं होत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि चहा जेवणानंतर तासाभराने प्या.