खिडकीची साठ वर्षं : कळवा ते डोंबिवली

ठाण्याहून खाडीपूल ओलांडून कळव्यात यावं आणि विटावा, दिघा करत बेलापूरच्या दिशेने निघावं, की महाराष्ट्राच्या उद्योगाचा एक मोठा कालखंड रस्त्यालगत उभा दिसतो. मुकंदचा पोलाद कारखाना, सीमेन्सचं कळवा वर्क्स, पुढे ऐरोलीत भारत बिजली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झालं आणि त्या दशकात या पट्ट्यात शेड, गोदामं, कँटीन, कचेऱ्या उभ्या राहू लागल्या. इथल्या संपांबद्दल, टाळेबंद्यांबद्दल, जमिनींच्या व्यवहारांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. इमारतींच्या खिडक्यांकडे मात्र कोणी पाहिलं नाही. खिडकी दुरुस्त करायची की काढून नवी बसवायची, हा प्रश्न इथे साठ वर्षांत प्रत्येक पिढीपुढे आला आणि प्रत्येक वेळी त्याचं उत्तर घाईत दिलं गेलं, असं माझं मत झालं आहे. त्या घाईची किंमत पैशांत तर मोजलीच, काही वेळा रक्तातही मोजली.

सुरुवात लोखंडी खिडकीपासून करावी लागते. सागवान महाग होत गेलं तशी व्यापारी इमारतींतून लाकडी चौकट मागे पडली आणि तिच्या जागी पोलादी सेक्शनची खिडकी आली. तेव्हाच्या भारतीय मानक संस्थेने तिच्यासाठी स्वतंत्र मानकं केली होती; कारखान्यांच्या खिडक्यांसाठीचं आयएस १३६१ त्यांपैकीच एक. झेड आकाराच्या बारीक पट्ट्या, त्यांत लहान लहान तावदानं, काचेला आतून क्लिपा आणि बाहेरून लांबी (पुट्टी). मोठ्या शेडना उत्तरेकडे तोंड केलेलं करवती छप्पर असायचं आणि त्याच्या उभ्या बाजूला या खिडक्यांची रांग लागायची. ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड लेथवर पडायचा. १९७१च्या युद्धात मुंबई परिसरात ब्लॅकआऊट झाला तेव्हा तावदानांवर काळे कागद चिकटले, युद्ध संपल्यावर ते खरवडून काढले गेले आणि खिडक्या पुन्हा कामाला लागल्या.

ही खिडकी दुरुस्तीसाठीच जन्माला आली होती, असं मी म्हणेन. एक तावदान फुटलं तर काचवाला तेवढंच तावदान कापून आणायचा, जुनी लांबी छिन्नीने काढायचा, नवी भरायचा. बिजागरीची पिन झिजली तर पिन बदलायची. खालची पट्टी गंजली तर तेवढा तुकडा कापून त्याच सेक्शनचा तुकडा वेल्ड करायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, वर रंग. खिडकी भिंतीतून बाहेर काढायची वेळच यायची नाही.

पण एक अट होती. दर तीन-चार वर्षांनी रंग लागलाच पाहिजे. कळवा खाडीच्या काठावर आहे. ठाणे जिल्ह्याच्या या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेल्या महिन्यांत हवेत खारा दमटपणा असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. तो काचेच्या खाचेत साठत गेला की आतून फुगतो आणि काचेचा कोपरा तडकवतो. कोणी दगड मारला नाही, वारा सुटला नाही, तरी जुन्या शेडमधली तावदानं एकेक करत फुटत जातात ती यामुळे. कारखान्यांचे वाईट दिवस सुरू झाले तेव्हा व्यवस्थापनाने सगळ्यात आधी कात्री लावली ती देखभालीला. रंग थांबला आणि पाच-सात पावसाळ्यांत खिडक्या ‘कामातून गेल्या’. मग दोष खिडकीला मिळाला. माझ्या मते तो देखभालीच्या कोऱ्या पडलेल्या वहीला मिळायला हवा होता.

तोवर ॲल्युमिनियम आलं होतं. कळवा स्टेशनजवळच्या बँका, दवाखाने, पहिल्या मजल्यावरचे क्लासेस, खारेगावचे गाळे, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली ऑफिसं, सगळीकडे टू-ट्रॅक, थ्री-ट्रॅक सरकत्या खिडक्या बसू लागल्या. गंज नाही, रंग नाही, झडप बाहेर उघडत नसल्याने वाऱ्यात आपटणं नाही. १९९०च्या दशकात पनवेलजवळच्या तळोज्यात आणि गुजरातेत अंकलेश्वरला फ्लोट काच तयार होऊ लागली, त्यामुळे मोठ्या आकाराची, लाटा नसलेली काच हाताशी आली. पिल्किंग्टन कंपनीने इंग्लंडमध्ये १९५९ साली जाहीर केलेली ही पद्धत, वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करण्याची. ती आपल्या दाराशी आली आणि लहान तावदानांची खिडकी एका रात्रीत जुनाट दिसू लागली.

या बदलात दोन गोष्टी हातच्या गेल्या. सरकती खिडकी कधीच पूर्ण उघडत नाही, अर्धी जागा कायम बंद राहते. भारनियमनाच्या वर्षांत, दुपारी पंखा बंद पडलेल्या गाळ्यात काम करणाऱ्यांना हे कोणी वेगळं सांगायला नको. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लहान तावदानाच्या जागी तीन-चार फुटांची एकसंध काच आली, पण ती होती साधीच. फुटली की तिचे सुऱ्यासारखे लांब तुकडे होतात. आकार वाढला, जोखीम वाढली, काचेची जात तीच राहिली.

शिवाय गळती थांबली नाही. ज्यासाठी खिडक्या बदलल्या ती ओल पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आली. कारण पाणी बहुतेक वेळा खिडकीतून येतच नाही. ते येतं चौकट आणि भिंत यांच्यामधल्या सांध्यातून, आतल्या बाजूला उतार गेलेल्या सिलवरून, तडा गेलेल्या छज्ज्यातून. जुनी लोखंडी चौकट घणाने उखडताना आजूबाजूचं प्लास्टर खिळखिळं होतं, तिथे सिमेंटचा थापा मारून वर सिलिकॉनची रेघ ओढली जाते आणि उन्हापावसात तिने भिंत सोडली की ओल परत येते. छज्ज्याच्या किंवा लिंटेलच्या सळया गंजून काँक्रीट सुटत असेल, तर त्याखाली कितीही महागडी खिडकी बसवा, पैसे पाण्यात गेले म्हणून समजा. ॲल्युमिनियमच्या खिडकीतही सेक्शन क्वचितच खराब होतो. झिजतात रोलर, कडक होतं रबर, तुंबतात खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं. ही भोकं मोकळी केल्यावर ‘बदलायला झालेली’ खिडकी पुढची दहा वर्षं सुखाने चालते.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला वागळे इस्टेटचा चेहरा बदलला. जुने कारखाने पाडून आयटी पार्क उभे राहिले आणि खिडकी हा प्रकारच संपला. आख्खी भिंत काचेची झाली. १८ जुलै २०१४ रोजी अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कला आग लागली, तेव्हा बंद काचेच्या इमारतीत धूर कोंडतो आणि अग्निशमन दलाला आत पोचणं किती अवघड होतं, हे सगळ्यांनी पाहिलं. एका जवानाचा त्यात जीव गेला. २०२०मध्ये कोरोनाने हवा खेळती ठेवा असं सांगितलं, तेव्हा अनेक ऑफिसांत उघडण्यासारखं एकही तावदान नव्हतं. १७ मे २०२१ला तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले. मुंबई परिसरासाठी आपल्या मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्याचा दाब काढला तर एक चौरस मीटर काचेवर सुमारे ११८ किलोचा भार येतो, आणि उंच मजल्यांवर त्याहून जास्त. काचेची जाडी निवडताना हा आकडा किती ठिकाणी विचारात घेतला जातो, ते एखाद्या गाळेवाल्याला विचारून पाहावं.

आता डोंबिवली. २६ मे २०१६ रोजी एमआयडीसी फेज दोनमध्ये प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये स्फोट झाला. बारा जणांचा जीव गेला, शंभराहून अधिक जखमी झाले. आजूबाजूच्या मोठ्या परिसरातल्या दुकानांच्या, ऑफिसांच्या, घरांच्या काचा फुटल्या, आणि जखमींपैकी कितीतरी जण स्फोटाच्या आगीपासून दूर, काचेच्या तुकड्यांनी रक्तबंबाळ झाले होते. आठ वर्षांनी, जवळजवळ त्याच तारखेला, २३ मे २०२४ रोजी भर दुपारी त्याच फेज दोनमध्ये अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. पुन्हा कामगार गेले, पुन्हा दूरपर्यंत काचा फुटल्या. मुंबईच्या जुन्या पिढीला १४ एप्रिल १९४४चा गोदीतला स्फोट आठवतो. तेव्हाही मैलोगणती तावदानं फुटली होती. स्फोटाची लाट आधी काच आत ढकलते आणि लगेच बाहेर ओढते. मोठी साधी काच साधारण एक किलोपास्कलच्या आसपासच्या दाबाला तडकू लागते. वादळाच्या वाऱ्याचा वर सांगितलेला दाब जवळपास तेवढाच. म्हणजे वाऱ्यासाठी नीट विचार करून बसवलेली काच आणि चौकट स्फोटाच्या दूरच्या टप्प्यातही काही अंशी टिकली असती.

२०१६नंतर आपण काय केलं, हा प्रश्न मला सतावतो. पंचनामे झाले, चर्चा झाली, कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या. आणि काचा? तशाच साध्या काचा पुन्हा बसल्या. यात दुकानदाराला किंवा गाळेवाल्याला दोष देता येत नाही. २०२४चा स्फोट २३ मेला झाला आणि मुंबईत पाऊस ९ जूनला दाखल झाला. मध्ये सतरा दिवस. साधी काच काचवाला जागेवर कापून देतो, तासाभरात बसवतो. टफन्ड काच कापता येत नाही; नेमकं माप घेऊन आधी कापायची, मग भट्टीत तापवून झपाट्याने थंड करायची, म्हणजे ऑर्डर देऊन वाट पाहायची. हजारो खिडक्यांची मागणी एकाच वेळी आली, तर पावसाच्या तोंडावर माणूस मिळेल ती काच लावणार. पंचनामाही फुटलेल्या काचेचा होतो, खिळखिळ्या चौकटीचा नाही. म्हणून चौकट तशीच राहते आणि तिच्यात नवी, पण तितकीच घातक काच बसते. २०१६ आणि २०२४ या वर्षांच्या मध्ये आठ वर्षांची उसंत होती. ती वाया गेली, आणि या साठ वर्षांतली सर्वांत मोठी चूक मी तीच मानतो.

जगात दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. बॉस्टनच्या जॉन हॅनकॉक टॉवरच्या दुहेरी काचा १९७३मध्ये फुटून खाली पडू लागल्या. दोष काचेच्या कडेच्या ताठ जोडणीत होता, म्हणजे मुळातच; तिथे दुरुस्तीला जागा नव्हती आणि सगळ्या १०,३४४ काचा बदलाव्या लागल्या. उलट न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगने २०१०मध्ये आपल्या ६,५१४ खिडक्या फेकल्या नाहीत. इमारतीच्या पाचव्या मजल्यावरच कार्यशाळा थाटली, काचा तिथे आणून उघडल्या, धुतल्या, मध्ये उष्णता अडवणारी फिल्म ताणून, वायू भरून पुन्हा बसवल्या. जवळजवळ सगळा जुना माल पुन्हा वापरला गेला. दोन्ही ठिकाणी निर्णयाआधी तपासणी झाली होती. आपल्याकडे तपासणीची जागा फॅब्रिकेटरचं कोटेशन घेतं, आणि नवी खिडकी विकणारा माणूस जुनी दुरुस्त करा असं सांगेल कशाला?

मग कळव्यातल्या चाळीस वर्षं जुन्या गाळ्यांच्या इमारतीने काय करावं? माझं उत्तर स्पष्ट आहे. चौकट आणि काच यांचा निर्णय वेगवेगळा घ्या. चौकट काटकोनात आहे, लोखंडाच्या खालच्या पट्टीत टोचा आरपार जात नाही, ॲल्युमिनियमचा सेक्शन वाकलेला नाही, तर चौकट ठेवा आणि दुरुस्त करा. एक किलो नवं ॲल्युमिनियम तयार करायला चौदा-पंधरा युनिट वीज लागते. शाबूत चौकट भंगारात घालणं ही उधळपट्टी आहे. काच मात्र मोठी आणि साधी असेल, रस्त्यावर, जिन्यावर किंवा माणसं बसतात त्या टेबलाजवळ असेल, तर ती फुटेपर्यंत थांबू नका. टफन्ड बसवा. शक्य असेल तिथे लॅमिनेटेड बसवा, कारण तिच्या दोन काचांमधला पातळ पडदा फुटलेले तुकडे धरून ठेवतो. तेवढे पैसे आज नसतील तर आतून सेफ्टी फिल्म लावा, आणि ती चौकटीच्या कडेपर्यंत पोचली आहे की नाही ते स्वतः पाहा. काचेच्या भिंतीच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर उघडणारी झडप हवीच, यात तडजोड नको.

गळती शोधायची तर भर पावसात माणूस बोलावू नका. मार्च-एप्रिलमध्ये रबरी नळी घ्या, खालून वर जा. आधी सिल, मग दोन्ही बाजूंचे सांधे, शेवटी छज्जा. प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं पाणी मारा आणि आत एकाला उभं करा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि चोर सापडत नाही.

एक अडचण इथे कायम येते. गाळा एकाचा, भाडेकरू दुसरा, बाहेरची भिंत सोसायटीची. वरच्याने आपल्या मर्जीने खिडकी उखडून बदलली की ओल खालच्याच्या छतावर उतरते आणि भांडण सुरू होतं. बाहेरच्या भिंतीला लागणारं कोणतंही काम एकट्याने करू नये, असा ठराव सोसायटीने करावा. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका कायद्याने संरचना तपासणी करून घ्यावीच लागते, आणि अभियंता इमारतीत येतोच. तेव्हा त्याच्याकडून खांब-तुळयांबरोबर प्रत्येक मजल्याच्या चौकटी, छज्जे आणि काचेचा प्रकार लेखी नोंदवून घ्या. तुमच्या इमारतीची तपासणी येत्या वर्षात असेल, तर हा मुद्दा पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आजच घाला.