सिल्व्हिया लिम
सिल्व्हिया लिम (२८ मार्च, इ.स. १९६५ - ) या सिंगापूर या बेटराष्ट्रातील वकील आणि विरोधी पक्षाच्या नेत्या आहेत. कायद्याचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी पोलीस निरीक्षक, वकील आणि टेमासेक पॉलिटेक्निकमध्ये अध्यापक म्हणून काम केले. इ.स. २००१ मध्ये त्यांनी वर्कर्स पार्टीत प्रवेश केला. इ.स. २००३ मध्ये त्या पक्षाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

इ.स. २००६ मध्ये अल्जुनीद मतदारसंघात त्यांच्या गटाचा पराभव झाला. मात्र पराभूत विरोधी उमेदवारांसाठी असलेल्या विशेष तरतुदीनुसार त्या संसदेत गेल्या. अशा सदस्यांना त्या वेळी अर्थसंकल्प, घटनादुरुस्ती व अविश्वास ठरावावर मतदानाचा अधिकार नव्हता.

गट प्रतिनिधित्व मतदारसंघात मतदार एका व्यक्तीऐवजी उमेदवारांचा संपूर्ण गट निवडतात. इ.स. १९८८ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत विरोधकांना बराच काळ एकही मतदारसंघ जिंकता आला नव्हता. इ.स. २०११ मध्ये लिम यांचा समावेश असलेल्या पाच जणांच्या गटाने परराष्ट्रमंत्री जॉर्ज येओ यांच्या गटाला अल्जुनीदमध्येच पराभूत केले. या विजयामुळे लिम यांना मतदानाचा पूर्ण अधिकार मिळाला. त्यानंतर इ.स. २०१५, २०२० व २०२५ मध्येही त्या तेथून निवडून आल्या.