मुठीतला जोर कुणाचा किती?

बिलोलीच्या शिवारात कापूस फुटला की वेचणीला बहुतेक बायाच दिसतात. दिवसभर बोंडं मोकळी करून ओटी भरणाऱ्या या हातांत ‘जोर नसतो’ असं म्हटलं जातं. कष्टानं बाईची मूठ गड्याइतकीच घट्ट होते, असंही काहींना वाटतं. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत.

मुठीची पकड डायनामोमीटरनं किलोत मोजतात. जर्मन संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विशीतले 1,654 पुरुष आणि 533 स्त्रिया होत्या. त्यांतल्या 90 टक्के स्त्रियांची पकड 95 टक्के पुरुषांपेक्षा कमी भरली. ज्यूदो, हँडबॉल खेळणाऱ्या निवडक महिला खेळाडू इतर स्त्रियांच्या बऱ्याच पुढे होत्या. तरी त्यांची सरासरीही पुरुषांच्या सरासरीखालीच राहिली. म्हणजे सरावानं जोर वाढतो, पण अंतर पुसलं जात नाही. वयात येईपर्यंत मुलामुलींत फारसा फरक नसतो. पुढे टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचे स्नायू भरतात. पकडीचा मोठा जोर येतो तो बोटांतून नव्हे, कोपराखालच्या स्नायूंतून.

पण हा आकडा एका क्षणाच्या जोराचा. वेचणीला, खुरपणीला लागतो तो तग. आपापल्या कमाल जोराच्या ठरावीक हिश्शानं मूठ आवळून धरायला सांगितलं, तर अनेक प्रयोगांत स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त वेळ टिकल्या आहेत. तेव्हा मुठीचा जोर पुढे करून खुरपणीला बाईचा रोज कमी धरणं चुकीचंच आहे.

डावखुऱ्यांची गोष्ट वेगळी. चालता हात दुसऱ्यापेक्षा दहा टक्के जोरकस, असा ठोकताळा दवाखान्यांत वापरला जातो. 1989 मध्ये 310 जणांवर तो तपासला, तेव्हा उजव्यांमध्ये फरक जवळपास 13 टक्के निघाला, डावखुऱ्यांमध्ये जवळजवळ शून्य! विळा, कात्री उजव्यांसाठी घडवलेली, जेवण उजव्या हातानं. डावखुऱ्याचा उजवा हात आपसूक कामाला लागतो, हे त्याचं पटण्याजोगं कारण. शिवाय डावं-उजवं कामागणिक बदलतं. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हातानं करायचा, लिहितो मात्र डाव्यानं.

हात मोडलेल्या डावखुऱ्याला प्लास्टर निघाल्यावर ‘डाव्यात अजून दहा टक्के जोर यायला हवा’ म्हणणं त्यामुळे अन्यायाचं ठरू शकतं. म्हातारपणी स्नायू झिजतात का, हे पाहतानाही बाईला गड्याचं माप लावत नाहीत. आशियाई तज्ज्ञांनी 2019 मध्ये ठरवलेल्या निकषानुसार पुरुषांची पकड 28 किलोंखाली आणि स्त्रियांची 18 किलोंखाली गेली, तर ती कमकुवत धरतात.