नादारी, जप्ती आणि जामीन

दमणगंगेच्या काठावरील नगर हवेली परगण्यातील 72 गावे 1783 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली ती लढाईत नव्हे, भरपाईपोटी गेली. मराठी आरमाराने 1772 साली त्यांच्या सांताना या युद्धनौकेची जी हानी केली होती तिच्याबद्दल, 1779 च्या तहान्वये, बारा हजार रुपयांचा वसूल त्यांना तोडून देण्यात आला होता. पुढे 1960 मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या व्यवहाराची छाननी केली, तेव्हा मराठ्यांनी दिला तो केवळ वसुलाचा हक्क होता, सार्वभौमत्व नव्हे, असा निर्वाळा दिला. देण्यापोटी उत्पन्नाचा काही भाग दुसऱ्याच्या हवाली करणे वेगळे आणि स्वतःच त्याच्या अंकित होणे वेगळे, हा भेद परगण्याच्या बाबतीत जितका खरा, तितकाच कर्जबाजारी झालेल्या सामान्य माणसाच्या बाबतीतही खरा आहे. आणि तो ठाऊक नसल्यामुळे कित्येक कष्टाळू कुटुंबे आपली झोप, आपली अब्रू आणि क्वचित आपले प्राणही गमावून बसतात, म्हणून त्याचा विचार अगत्याने केला पाहिजे.

याच परगण्यातील सिल्वासा, आमळी, मसाट, पिपरिया येथील कारखान्यांत राबणाऱ्या माणसांत सर्वाधिक रूढ असलेली समजूत अशी की, हप्ते थकले म्हणजे पोलीस घरी येऊन पकडून नेतात. वस्तुतः घेतलेले कर्ज फेडता न येणे हा आपल्या कायद्याने गुन्हा नाही. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावरून ऋणकोला कैदेत ठेवण्याची तरतूद आहे खरी, परंतु पैसे असूनही जो बदनियतीने देणे टाळतो त्याच्यासाठी ती आहे. निव्वळ दारिद्र्यामुळे ज्याचे देणे थकले त्याला तुरुंगात घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1980 मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. धनादेश न वटल्याची गोष्ट मात्र निराळी: तो फौजदारी गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून कोऱ्या धनादेशावर सही करून तो सावकाराच्या हाती देणे यासारखी घातक गोष्ट दुसरी नाही. वसुलीसाठी येणाऱ्या माणसांनाही मर्यादा आहेत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार त्यांनी सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करावयाचा नाही, धमकी द्यावयाची नाही, आणि नातलगांत वा शेजारीपाजारी बोभाटा करावयाचा नाही.

जप्तीविषयीची भीती याहूनही खोल आहे, कारण बेलिफ आला की चुलीवरचे भांडेसुद्धा उचलून नेतो असे लहानपणापासून कानांवर पडलेले असते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे 60 वे कलम नेमके याच्या उलट सांगते: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औजारे, बैल व बियाणे, इतकेच नव्हे तर मजुराची मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी यांना जप्तीचा हात लागत नाही. पगारदार नोकराच्या वेतनातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे पगार पंचवीस हजार असेल तर सतरा हजार त्याच्या हाती राहतात आणि फार तर आठ हजार कापले जातात. एकाच हुकूमनाम्यापोटी ही कपात एकूण 24 महिने झाली, की त्या हुकूमनाम्यासाठी तो पगार कायमचा मुक्त होतो. गहाण टाकलेले घर किंवा सोने यांना हे संरक्षण नाही, हे मात्र विसरू नये.

याच्या अगदी उलट टोकाला दुसरी समजूत आहे, ती अशी की दिवाळे काढले की सारे कर्ज आपोआप बुडते. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचे नाव आता सर्वतोमुखी झाले असले, तरी व्यक्तींसंबंधीचा तिचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाला आहे. अत्यल्प उत्पन्नाच्या ऋणकोला नव्याने आरंभ करू देणारी जी उदार तरतूद तिच्यात आहे, तीही अद्याप कागदावरच आहे, आणि हा विलंब मला अन्यायाचा वाटतो. सामान्य माणसासाठी, मुंबई-कोलकाता-चेन्नई ही शहरे सोडली तर, 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो. पाचशे रुपयांहून अधिक देणे फेडण्यास असमर्थ असलेला माणूस त्यान्वये न्यायालयात अर्ज करू शकतो. पण नादार ठरताच त्याची जप्तीयोग्य मिळकत न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, आणि पुढे मुक्तता मिळाली तरी सरकारी देणे व लबाडीने काढलेले कर्ज यांतून सुटका होत नाही. मुक्ततेपूर्वी आपली नादारी लपवून पन्नास रुपये उसने घेणे हासुद्धा गुन्हा ठरतो.

जामिनकीविषयी मात्र मी अधिक कळकळीने सांगेन. एकाच पाळीत काम करणारी माणसे पतपेढीच्या कर्जासाठी एकमेकांना जामीन राहतात, आणि ‘सही नुसती नावापुरती आहे’ असे म्हणून स्नेहाखातर कागद पुढे सरकवला जातो. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराचे दायित्व ऋणकोइतकेच असते, आणि करारात अन्यथा ठरले नसेल तर धनको ऋणकोला सोडून थेट जामीनदारावर फिर्याद लावू शकतो. उलट, बापाचे कर्ज मुलाच्या मानेवर बसते ही समजूत बव्हंशी निराधार आहे: वारसाचे दायित्व मिळालेल्या इस्टेटीपुरतेच असते, आणि केवळ पुत्रधर्म म्हणून हिंदू मुलाकडून बापाचे कर्ज वसूल करण्याची जुनी वाट वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने, तिच्यानंतरच्या कर्जांपुरती, बंद झाली आहे.

फेडीचा क्रम ठरवताना तगादा कोणाचा मोठा हे न पाहता व्याज कोणाचे अधिक हे पाहावे. क्रेडिट कार्डावर पन्नास हजार थकले असून दरमहा साडेतीन टक्के आकार असेल, तर अडीच हजारांचा किमान भरणा केला तरी त्यातील साडेसतराशे नुसत्या व्याजात जातात. एकरकमी तडजोड केलीच, तर ती लेखी घ्यावी आणि पैसे भरल्यावर बेबाकीचा दाखला हातात पडल्याशिवाय उठू नये. तडजोडीची नोंद पतइतिहासात राहते व पुढचे कर्ज अवघड करते, हे जाणूनच हा मार्ग पत्करावा. हप्ता नव्वद दिवस थकला की बँक ते खाते अनुत्पादक ठरवते, म्हणून हप्ते वाढवून मागण्याचा अर्ज त्यापूर्वीच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. नोटीस आलीच असेल, तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. वारली, कोकणा, धोडिया कुटुंबे आणि कारखान्यांतील कामगार असे सिल्वासा परिसरातील बहुतेक ऋणको या तिन्हींपैकी कशात ना कशात बसतात, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी साधा अर्ज पुरतो.