रामघाटावर दगड उलटता येत नाही

सह्याद्रीतल्या ओढ्यांवर शिकलेली मुलं पाण्यात उतरली की आधी दगड उलटतात. खालच्या अंगाला मेफ्लाय, कॅडिसफ्लायच्या अळ्या चिकटलेल्या असल्या तर पाण्यात प्राणवायू भरपूर, हे त्यांना पाठ असतं. पर्यावरणशास्त्राच्या अशाच एका तुकडीबरोबर हिवाळ्यात काशीला गेले, तेव्हा रामघाटावर ही विद्या अडून बसली. इथे दगड म्हणजे घाटाच्या पायऱ्या. त्यापुढे नदीचा तळ नुसता गाळ आणि वाळू.

मग चाळण्या निघाल्या. पायरीलगतचा गाळ धुऊन पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला, तर लालभडक अळ्या वळवळल्या. कायरोनोमिडच्या. अंगातल्या हिमोग्लोबिनमुळे त्या तांबड्या दिसतात आणि त्याच्याच बळावर कमी प्राणवायूत तग धरतात. एका मुलीनं वहीत लिहूनही टाकलं, ‘गंगा प्रदूषित.’ तुकडीच्या मॅडमनी विचारलं, “गंगा, की ही पायरी?” निर्माल्य कुजत होतं तिथलाच गाळ तिनं उचलला होता.

खरं उत्तर नाववाल्यानं दिलं. “किनारे का पानी क्या नापते हो? धारा में चलो.” काशीत गंगा उत्तरेकडे वळते आणि या वळणाच्या बाहेरच्या काठावर घाट आहेत. म्हणून खोल पाणी शहराच्या बाजूला, तर समोर रेती साचत गेलेली. त्याच्या नावेतून घाटाजवळ, मध्यधारेत आणि पलीकडच्या रेतीलगत असे तीन ठिकाणचे नमुने घेतले.

विरघळलेला प्राणवायू मोजायचा तर 300 मिलिलिटरची बाटली बुडबुडा न शिरू देता भरावी लागते. हलत्या नावेत यातच अर्धा वेळ जातो. मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घातलं की तपकिरी साका खाली बसतो. प्राणवायू नसेल तर साका पांढराच राहतो. पुढे आम्ल घातल्यावर द्रावण पिवळं होतं, मग थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं. पिवळा रंग फिका झाला की स्टार्च घालायचा, आणि त्यानं आलेला निळा रंग गेला की थांबायचं. उरलेली रसायनं कॅनमध्ये भरून परत न्यायची, हे मुलांना दोनदा बजावलं होतं.

पहाटेचे आणि दुपारचे आकडे जुळेनात तेव्हा मुलांनी एकमेकांच्या हाताला दोष दिला. पण दोष हाताचा नव्हता. उजेडात शैवाल प्राणवायू सोडतं, रात्री सगळेच जीव तो वापरतात.

आंघोळीच्या पाण्यासाठी आपल्याकडचा निकष लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम विरघळलेल्या प्राणवायूचा आहे. तो मुलांना माहीत होता. पण आकड्याशेजारी वेळ, खोली आणि जागा नसेल तर तुलना कशाशी करणार? तुळशी घाटावर वीरभद्र मिश्रांच्या संकटमोचन फाउंडेशननं प्रयोगशाळा उभी केली, ती याच कारणासाठी. संकटमोचन मंदिराचे महंत असलेले मिश्र बनारस हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापकही होते. 1986 मध्ये गंगा कृती योजना सुरू झाली. तिचा उपयोग किती झाला हे विचारायला त्यांच्या हाती वर्षानुवर्षांची मोजमापं होती. एका फेरीच्या वहीतून तो प्रश्न विचारता येत नाही.

मुलांच्या अहवालात शेवटी ‘गंगा’ हा शब्द फक्त मथळ्यात उरला. खाली प्रत्येक ओळीत घाट, काठापासूनचं अंतर, खोली आणि वेळ होती. आणि ज्या नोंदींपुढे वेळ नव्हती, त्या त्यांनी स्वतःच खोडल्या.