सहकुटुंब, सहपरिवार : सिनेमाच्या आठवणी कोणाच्या?

लहानपणी घरच्यांबरोबर पाहिलेल्या सिनेमाविषयी कुणालाही विचारा, कथानक सहसा आधी सांगितले जात नाही. सांगितले जाते ते लवकर उरकलेले जेवण, पिशवीत भरून घेतलेला चिवडा, टांग्यात कोण कोणाच्या मांडीवर बसले, मध्यंतरात एक सोडा किती जणांत वाटला. एका सिनेमातले गाणे दुसऱ्या सिनेमात जाऊन बसते आणि नायकांची अदलाबदल होते. चित्रपटांचा इतिहास लिहिणाऱ्याला हा ऐवज कुचकामी वाटेल. प्रेक्षकांचा इतिहास लिहायचा तर मात्र दुसरे फारसे काही हाती नाही. तिकिटांच्या हिशेबात किती माणसे आली हे कळते, कोण कोणाबरोबर आले हे कळत नाही.

कुटुंबाला खेळाला आणण्याची खटपट आपल्याकडे सिनेमाइतकीच जुनी आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. त्याच महिन्यात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, तेव्हा पडदानशीन स्त्रिया आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी राखीव बॉक्स असल्याचे जाहीर करण्यात आले. म्हणजे ‘सहकुटुंब’ हा शब्द जाहिरातीत रुळण्याआधीच बायका कुठे बसणार, हा प्रश्न व्यवस्थापकांपुढे होता.

घरापुढचा प्रश्न वेगळा होता. बाईने सिनेमाला जायचे ते कोणत्या कारणाने? १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, कारण पडद्यावर यायला स्त्री मिळेना. पडद्यासमोर बसणेही फार प्रतिष्ठेचे नव्हते. त्यावर तोडगा निघाला तो देवाधर्माचा. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. दामले-फत्तेलालांच्या कसबाचे श्रेय कमी न करता असे म्हणता येईल, की तुकोबांच्या दर्शनाला निघालेल्या सुनेला अडवणे घरातल्या वडीलधाऱ्यांना जड जात असणार. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’च्या खेळाला प्रेक्षक चपला काढून बसत, पडद्याच्या दिशेने नाणी उधळत. या भाविकतेची थट्टा पुष्कळ झाली आहे. पण शुक्रवारचा उपास आणि सिनेमा एकत्र जुळून येण्यात बाईची जी सोय होती, तिच्याकडे थट्टा करणाऱ्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही.

गावाकडे सिनेमा जत्रेला यायचा. सुगी आटोपली की ट्रकमध्ये प्रोजेक्टर, तंबू, बांबू लादून टुरिंग टॉकीज निघे आणि पावसाळ्यापूर्वी परते. बसायला जमीन, घरून आणलेले पोते नाहीतर घोंगडी. रीळ संपले की अंधार, शिट्ट्या आणि पुढचे रीळ चढेपर्यंत थांबणे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात या धंद्याचे अखेरचे दिवस पाहायला मिळतात.

बऱ्याच तंबूंत बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये दोर किंवा कापड. ‘आम्ही सगळे मिळून सिनेमा पाहिला’ ही आठवण इथे तपासून घ्यावी लागते. सगळे मिळून चालत आले हे खरे, पण आत शिरताच कुटुंबाची फाळणी होई. दोन्हीकडे वावरायची मुभा फक्त लहान मुलाला. आईने दिलेली पुरचुंडी वडिलांना पोचवायची, वडिलांकडून चार आणे आणायचे. म्हणून सगळे एकत्र होते असे आठवते ते त्यालाच.

शहरातही मुलाला असेच एक काम होते. दुपारच्या खेळाला निघालेल्या दोघी जावांबरोबर सात-आठ वर्षांचा पुतण्या असला की ती ‘सोबत’ धरली जाई. मांडीवर बसला तर तिकीटही पडत नसे. असा सोबती मीही होतो. मला त्या दुपारचा बटाटेवडा आठवतो. माझ्या काकूला आठवते ते वेगळेच : दोन दिवस आधी सासूबाईंच्या कानावर घातलेली गोष्ट, सकाळीच मळून ठेवलेली रात्रीची कणीक आणि परतताना चुकलेली बस. सिनेमाचे नाव आम्हा दोघांनाही सांगता येत नाही.

दिवाळी अंकांतून येणारे चित्रपटविषयक स्मरणरंजन बहुतांशी पुतण्यांनी लिहिलेले आहे. त्यात पिटातल्या शिट्ट्या असतात, काळाबाजारातली तिकिटे असतात. काकूंची कणीक नसते.

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, आणि पुढे शनिवारचा मराठी सिनेमा घरातच दिसू लागला. शेजारीपाजारी जमत. परवानगी लागेनाशी झाली, पण बाहेर पडणेही गेले. जमलेल्यांना चहा कोण देणार, हे ठरलेलेच होते.

या पार्श्वभूमीवर १९९१चा ‘माहेरची साडी’ पुन्हा पाहावा. विजय कोंडके यांच्या या चित्रपटाला बायकांनी थिएटरे भरली, आणि समीक्षकांनी त्याचा उलगडा रडण्याच्या हौसेने केला. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. माहेर हे नावातच असलेल्या सिनेमाला नेण्यास घरचे नाही कसे म्हणणार? आणि दहाजणी मिळून निघाल्या तर सोबतीला पुतण्या कशाला हवा? त्या गर्दीतल्या किती बायका आयुष्यात प्रथमच पुरुषाविना थिएटरात आल्या, हे त्यांनाच विचारावे लागेल. तेव्हा पस्तिशीत असलेल्या आता सत्तरीला पोचल्या आहेत.